अपस्मार, मनावरचा ताण आणि सकाळचा उजेड

व्यापारी कुटुंबात आजाराची बातमी उंबरठ्याबाहेर जाण्यापूर्वी दोनदा विचार होतो. मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी यांविषयी पेढीवर मोकळेपणाने बोलले जाते. कोणी डॉक्टरांचे नाव सुचवितो, कोणी पथ्य सांगतो. परंतु घरातील मुलाला किंवा सुनेला ‘फिट’ येते, ही गोष्ट सख्ख्या नातलगांपासूनही लपविली जाते. मुलीची सोयरीक, धाकट्या भावाचा संसार, पेढीची पत, या साऱ्यांवर तिची सावली पडेल अशी भीती असते. मग रुग्णाला दुकानात गादीवर बसू दिले जात नाही, लग्नकार्यात मागे ठेवले जाते. हळूहळू त्याचा दिवस माजघरात किंवा आतल्या खोलीत सरू लागतो. झटका महिन्यातून एखाद्या वेळी, तोही मिनिट-दोन मिनिटांचा असेल. पण त्याची धास्ती मात्र चोवीस तास सोबत राहते.

या धास्तीवर, या ताणावर उजेडाचा काही उपयोग होतो का, असा प्रश्न काही वर्षांपूर्वी लंडनमधील संशोधकांनी विचारला आणि त्याची रीतसर चाचणी घेतली. त्या चाचणीतून काय निघाले, काय निघाले नाही, आणि परळी वैजनाथसारख्या गावातील कुटुंबाने त्यातून काय घ्यावे, याचा हा आढावा.

झटक्याहून जड ओझे

मिरगी, फेफरे, आकडी ही या आजाराची आपल्याकडील जुनी नावे. आयुर्वेदाने त्याला ‘अपस्मार’ म्हटले आणि चरकसंहितेत त्याचे निदान व चिकित्सा यांचे स्वतंत्र विवेचन केले. आधुनिक वैद्यक सांगते की मेंदूतील पेशींमध्ये क्षणकाळ विजेचा अवाजवी प्रवाह उसळतो आणि त्यातून झटका येतो. हा प्रवाह मेंदूच्या एकाच भागात उसळला तर माणूस काही क्षण टक लावून पाहतो, हात चाळवतो, बोलण्याला प्रतिसाद देत नाही. तो साऱ्या मेंदूत पसरला तर शुद्ध हरपते आणि सर्वांग आखडते. ही बाधा नव्हे, करणी नव्हे, आणि हा आजार संसर्गानेही पसरत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे. योग्य निदान आणि नियमित औषध मिळाल्यास त्यांपैकी ७० टक्क्यांपर्यंत लोक झटक्यांविना जगू शकतात. उरलेल्यांचे झटके मात्र औषधांना दाद देत नाहीत. त्यांच्यासाठी शस्त्रक्रिया किंवा अन्य उपाय शोधावे लागतात.

या हिशेबात एक रक्कम बहुधा लिहावयाची राहून जाते. अपस्माराच्या साधारणतः दर चार-पाच रुग्णांमागे एकाला नैराश्य असते. चिंतारोगाचे प्रमाणही सामान्य लोकांपेक्षा बरेच अधिक आढळते. काही अंशी हे आजाराच्या मूळ कारणामुळे घडते, कारण मेंदूचे जे भाग भावना सांभाळतात त्यांच्यातूनच कित्येकांचे झटके सुरू होतात. काही औषधांमुळेही मन खिन्न होते. आणि पुष्कळसे घडते ते समाजाच्या वागणुकीने. ताण आणि अपुरी झोप ही झटक्याला चेतविणारी कारणे म्हणून रुग्ण स्वतःच सर्वाधिक वेळा सांगतात. म्हणजे झटक्याच्या भीतीने झोप उडते, झोप उडाल्याने झटका येतो आणि झटका आल्याने भीती आणखी वाढते. हे चक्र कोठे तरी तोडता आले पाहिजे.

उजेडाने उपचार कसा होतो

प्रकाशाचा वैद्यकात उपयोग ही नवी कल्पना नाही. त्वचेच्या क्षयावर प्रकाशकिरणांनी उपचार केल्याबद्दल डेन्मार्कचे नील्स फिन्सेन यांना १९०३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले होते. मनाच्या आजारासाठी प्रकाश वापरण्यास मात्र १९८०च्या दशकात खरी गती आली. अमेरिकेतील डॉ. नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये हिवाळ्यात उद्भवणाऱ्या नैराश्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि तेजस्वी दिव्यासमोर बसविल्याने अशा रुग्णांना आराम पडतो असे दाखविले. पुढे ऋतूशी संबंध नसलेल्या नैराश्यातही या उपायाच्या चाचण्या झाल्या.

यामागील क्रिया समजून घेण्यासारखी आहे. डोळ्याच्या पडद्यात पाहण्याच्या पेशींखेरीज आणखी एक प्रकारच्या पेशी असतात, असे या शतकाच्या आरंभी स्पष्ट झाले. त्या चित्र पाहत नाहीत. केवळ उजेड किती आहे याची नोंद घेतात आणि ती मेंदूच्या तळाशी असलेल्या ‘घड्याळा’कडे पाठवितात. या घड्याळावर झोप, जाग, शरीराचे तापमान आणि मेलाटोनिन या संप्रेरकाचे स्रवणे अवलंबून असते. सकाळी भरपूर उजेड मिळाला की घड्याळ नीट लागते, रात्री वेळेवर झोप येते आणि मनही सावरते.

उजेड ‘लक्स’ या मापाने मोजतात. घरातील बैठकीच्या खोलीत रात्री दिव्याचा उजेड साधारण ५० ते १५० लक्स असतो. चांगल्या प्रकाशाच्या कार्यालयात तो ३०० ते ५०० लक्सपर्यंत जातो. घराबाहेर, स्वच्छ दिवशी, सावलीत उभे राहिले तरी तो १०,००० लक्स किंवा त्याहून अधिक भरतो. थेट उन्हात तर एक लाखाच्या घरात पोहोचतो. आपल्या डोळ्यांना हा फरक फारसा जाणवत नाही, कारण बाहुली लहान-मोठी होऊन सारे सावरून घेते. शरीरातील घड्याळाला मात्र तो पुरेपूर जाणवतो. उपचाराच्या पेटीतील दिवा बहुधा १०,००० लक्सचा असतो, हे लक्षात घेतले म्हणजे अंगणातील सकाळचे मोल कळते.

लंडनमधील चाचणी

लंडन येथे मेंदू आणि मनोव्यापार यांचा संबंध अभ्यासणाऱ्या डॉ. सॅली बॅक्सेंडेल यांनी २००९ मध्ये एक निरीक्षण प्रसिद्ध केले होते. एपिलेप्सी केंद्रातील रुग्णांच्या नोंदी त्यांनी हवामानाच्या नोंदींशी ताडून पाहिल्या, तेव्हा स्वच्छ उन्हाच्या दिवसांत विशिष्ट प्रकारचे झटके कमी आढळले. हे निरीक्षण होते, पुरावा नव्हता. म्हणून पुढे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रीतसर चाचणी हाती घेतली. मनावरील परिणामाविषयीचे तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सायकिअ‍ॅट्री’ या नियतकालिकात आले.

औषधांना दाद न देणारा अपस्मार असलेले १०१ प्रौढ तिच्यात सामील झाले. आरंभी प्रत्येकाच्या चिंतेची व नैराश्याची पातळी ठरावीक प्रश्नावलीने मोजली. त्यानंतर १२ आठवडे कोणताही दिवा दिला नाही. फक्त वाट पाहिली आणि पुन्हा मोजमाप केले. मग चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाला १०,००० लक्सची पेटी मिळाली, दुसऱ्याला २,००० लक्सची. रोज सकाळी उठल्यावर २० ते ३० मिनिटे तिच्यासमोर बसावयाचे, असा १२ आठवड्यांचा नेम होता. शेवटी तिसरे मोजमाप झाले.

दुसऱ्या गटाला मंद पेटी का दिली, हे व्यापाऱ्याला सांगावे लागू नये. तागडीत माल टाकण्यापूर्वी आपण धडा करतो. रिकाम्या भांड्याचे वजन वजा केल्याशिवाय मालाचे खरे वजन कळत नाही. रोज कोणी विचारपूस करतो, काही उपचार चालू आहे अशी आशा वाटते, सकाळी उठून बसण्याची शिस्त लागते. या साऱ्यानेही माणसाला बरे वाटते. ते बरे वाटणे वजा करून निव्वळ तेजस्वी उजेडाचे वजन किती, हे त्यांना पाहावयाचे होते.

निकालाचा हिशेब

१०१ पैकी ५८ जणांनी तिन्ही मोजमापे पूर्ण केली: तेजस्वी पेटीच्या गटातील ३० आणि मंद पेटीच्या गटातील २८. दोन्ही गटांत चिंता आणि नैराश्य लक्षणीय प्रमाणात उतरले. परंतु पेटी तेजस्वी असो वा मंद, उताराच्या प्रमाणात फरक पडला नाही. शिवाय दिवा हाती येण्यापूर्वीच्या १२ आठवड्यांतही मोजमाप खाली आलेले होते.

या जमाखर्चातून निष्कर्ष काढताना घाई करून चालणार नाही. दोन हजार लक्सचा उजेडही घरातील दिव्यापेक्षा कितीतरी अधिक असतो. तेव्हा कदाचित मंद पेटीही उपचारच ठरली असेल. किंवा कदाचित उजेडापेक्षा नेम, आस्था आणि आशा यांचा वाटा मोठा असेल. संशोधकांनी स्वतः यांतील पहिली शक्यता मांडली आणि आणखी चाचण्या व्हाव्यात असे सुचविले. ४३ जण शेवटच्या मोजमापापर्यंत पोहोचले नाहीत, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

म्हणून, दिव्याने अपस्मार बरा होतो असे या चाचणीच्या आधारे कोणी सांगू लागला, तर तो ग्राहकाला खोटे वजन देत आहे असे समजावे. मात्र हा सारा खटाटोप व्यर्थ गेला असेही नाही. ज्यांच्या झटक्यांपुढे औषधे हरली होती अशा माणसांच्या मनाचा ताण कोणी तरी आवर्जून मोजला, त्यावर काही करून पाहिले आणि तो उतरू शकतो हे दिसले. मनाचा ताण हा या आजाराचा अटळ भाग नाही. त्यावर उपाय करता येतात, ही गोष्ट रुग्णाच्या घरी पोहोचली तरी पुष्कळ झाले.

लुकलुकणारा उजेड वेगळा

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. अपस्मार असलेल्या सुमारे ३ टक्के लोकांना लुकलुकणाऱ्या प्रकाशाने झटका येतो. मुले आणि किशोरवयीन यांत हे प्रमाण अधिक असते. सेकंदाला साधारण ३ ते ३० वेळा चमकणारा प्रकाश त्यांना बाधतो. डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये ‘पोकेमॉन’ या चित्रमालिकेतील लाल-निळ्या झगमगाटाने शेकडो मुलांना एकाच संध्याकाळी रुग्णालयात न्यावे लागले होते. वरातीतील झगमगते दिवे, बिघडलेली फडफडणारी ट्यूबलाइट, झाडांच्या रांगेतून धावत्या गाडीच्या खिडकीवर पडणारी उन्हाची तिरीप, यांनीही असे घडू शकते. अशा वेळी एक डोळा तळहाताने पूर्ण झाकून तोंड वळवावे. दोन्ही डोळे नुसते मिटल्याने बचाव होत नाही. मेंदूचा आलेख काढताना रुग्णापुढे चमकता दिवा धरतात तो हीच प्रवृत्ती तपासण्यासाठी.

उपचाराची पेटी स्थिर प्रकाश देते, म्हणून ती या प्रकारात मोडत नाही. तरीही प्रकाशाने झटका येणाऱ्यांनी, डोळ्याच्या पडद्याचा आजार असणाऱ्यांनी आणि ज्यांचे मन कधी खिन्न तर कधी उन्मत्त होते अशांनी डॉक्टरांच्या संमतीविना ती वापरू नये. आणि सूर्याकडे टक लावून पाहणे तर कोणीही करू नये. त्याने पडद्याला कायमची इजा होऊ शकते.

परळीचा उजेड, दुकानाचा अंधार

परळीच्या औष्णिक विद्युत केंद्राने अनेक दशके महाराष्ट्राला वीज पुरविली. ज्योतिर्लिंगाच्या नावातच येथे ‘वैद्य’ आहे. लंडनमध्ये हिवाळ्यातील सर्वांत लहान दिवस आठ तासांहूनही लहान असतो. परळीत तो अकरा तासांच्या आसपास राहतो. ज्या उजेडासाठी तेथे पेटी विकत घ्यावी लागते, तो येथे अंगणात फुकट पडतो. तरीही मोंढ्यातील अडत दुकान, अरुंद गल्लीतील कापडाचे किंवा किराण्याचे दुकान, माल रचलेली वखार यांत सकाळपासून रात्रीपर्यंत बसणाऱ्याला तो लाभतोच असे नाही. आणि आजार लपविण्यासाठी ज्याला आतल्या खोलीत ठेवले आहे, त्याला तर मुळीच लाभत नाही.

परळीच्या घरात करता येण्याजोगे सोपे आहे. सकाळी लवकर अर्धा तास गच्चीवर, अंगणात किंवा रस्त्याने कोणाच्या तरी सोबतीने फिरावे. कठडा नसलेली गच्ची आणि आड-विहिरीचा काठ टाळावा. चैत्र-वैशाखात ऊन तापण्यापूर्वीच परतावे, कारण उष्मा आणि पाण्याची तूट रुग्णाला मानवत नाही. रात्री मोबाइलचा उजेड लवकर बंद करून झोपेची वेळ पाळावी. दिवाळीच्या हंगामात हिशेबासाठी जागरणे होतात. त्यांतून रुग्णाला वगळावे. उन्हाचा आणखी एक लाभ वेगळ्या वाटेने होतो: फेनिटॉइन, फेनोबार्बिटल, कार्बामाझेपिन यांसारखी औषधे दीर्घकाळ घेणाऱ्यांच्या शरीरात ड जीवनसत्त्व घटते आणि हाडे ठिसूळ होऊ शकतात. त्याची तपासणी डॉक्टरांकडून करून घ्यावी.

मन फार खचले असेल, जगणे नकोसे वाटते असे रुग्ण बोलू लागला असेल, तर उन्हावर विसंबू नये. जवळच अंबाजोगाई येथे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. मेंदूच्या आजारासोबत मनाच्या आजाराविषयीही तेथील डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे.

गोळीची वेळ आणि व्रताची वेळ

अपस्माराची गोळी एक वेळ चुकली तरी झटका येऊ शकतो. ती एकाएकी बंद केली तर झटक्यांची न थांबणारी मालिका सुरू होऊन जीव धोक्यात येतो. चौविहार पाळणाऱ्या घरांत रात्रीच्या गोळीचा प्रश्न खरा आहे आणि तो डॉक्टरांपुढे संकोच न करता मांडला पाहिजे. नवकारशीनंतरची पहिली गोळी आणि सूर्यास्तापूर्वीची दुसरी यांत हिवाळ्यात सुमारे दहा तासांचे अंतर राहते, आणि रात्री चौदा तासांची पोकळी. काही औषधांना हे चालते, काहींना चालत नाही. हळूहळू विरघळणारी किंवा दिवसातून एकदाच घ्यावयाची गोळी कित्येकदा देता येते. तो निर्णय डॉक्टरांनी घ्यावयाचा आहे, घरच्यांनी नव्हे. पर्युषणातील उपवास किंवा अठ्ठाई करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे आणि साधू-साध्वींनाही आजाराची कल्पना द्यावी. पच्चक्खाणात आगारांची सोय आहे ती अशाच प्रसंगांसाठी.

शाकाहारी घरांनीही एक गोष्ट जाणून घ्यावी. आपल्या देशात अपस्माराचे एक मोठे कारण म्हणजे डुकरातील फीतकृमीची अंडी पोटात जाऊन मेंदूत होणाऱ्या गाठी. ही अंडी दूषित माती, पाणी व हात यांतून कच्च्या भाजीबरोबरही पोटात जातात. भाजी स्वच्छ धुणे आणि पाणी उकळून पिणे येथे मेंदूचेही रक्षण करते.

सोयरीक आणि सत्य

हिंदू विवाह कायदा जैनांनाही लागू आहे. त्यात पूर्वी अपस्माराचे वारंवार येणारे झटके ही विवाहाला बाधक गोष्ट मानली होती. १९९९च्या दुरुस्तीने तो शब्द कायद्यातून काढून टाकला. आज अपस्मार असलेल्या व्यक्तीचा विवाह कायद्याने पूर्णतः वैध आहे. तिला मुले होऊ शकतात. स्त्रियांनी गर्भधारणेपूर्वी औषधांविषयी सल्ला घ्यावा, इतकेच. कायद्याने वाट मोकळी केली, तरी समाजाने अजून पुरती केलेली नाही. आजार लपवून झालेल्या विवाहात नवविवाहिता गोळी चोरून घेते किंवा घेतच नाही, आणि पहिला झटका सासरी येतो. तेव्हा मोडते ती आजाराने नव्हे, अविश्वासाने. बोलणी पुढे जाण्यापूर्वी डॉक्टरांच्या कागदांसह खरे सांगणे हाच दोन्ही घरांचा मान आहे.

महाराष्ट्रात या कामाला वारसा आहे. मुंबईचे डॉ. एडी भरुचा यांच्या पुढाकाराने १९७० मध्ये ‘इंडियन एपिलेप्सी असोसिएशन’ स्थापन झाली. मुंबईच्या डॉ. निर्मल सूर्या यांची ‘एपिलेप्सी फाउंडेशन’ ग्रामीण महाराष्ट्रात निदान व औषधांची शिबिरे घेत आली आहे. पुण्यात यशोदा वाकणकर यांनी उभारलेले ‘संवेदना फाउंडेशन’ रुग्णांना एकत्र बसवून बोलते करते आणि विवाहाच्या प्रश्नातही साह्य करते.

कोणाला डोळ्यांदेखत झटका आला तर माणसाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काही द्यावे, गळ्याभोवतीचे कपडे सैल करावेत आणि घड्याळ पाहावे. तोंडात चमचा, पाणी, बोट काहीही घालू नये. कांदा-चप्पल हुंगवू नये. हातपाय दाबून धरू नयेत. झटका पाच मिनिटांहून लांबला, लागोपाठ दुसरा आला किंवा शुद्ध परतली नाही, तर ताबडतोब रुग्णालयात न्यावे. हे पेढीवरील प्रत्येक दिवाणजीला आणि दुकानातील प्रत्येक नोकराला ठाऊक असावे. ते ठाऊक असेल त्या दुकानात रुग्णालाही गादीवर बसता येईल. आणि गादी रस्त्याकडे तोंड करून असते, तेथे उजेडही असतो आणि माणसेही.